घरी पण, गिगला पण: ट्यूब अँप नेमकं कुठलं घ्यावं

"ताई, एकच ट्यूब अँप घ्यायचंय, घरी पण वाजवता आलं पाहिजे आणि शोला पण नेता आलं पाहिजे, तर किती वॅटचं घेऊ?" हे मला इतके जण विचारतात की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. ट्यूब अँप म्हणजे गिटारचा आवाज काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांनी वाढवणारं अँप्लिफायर. मी पुण्यात वाजवते, ब्लूज आणि जुनं रॉक, मधे मधे हिंदी-मराठी गाण्यांचे शो पण असतात, आणि जुन्या धाटणीच्या ट्यूब अँपवर माझा फार जीव आहे, त्यामुळे हे लांबणार.

तर पहिली गोष्ट, वॅटवरून सुरुवातच करू नका. वॅट आणि आवाज यांचं नातं आपल्याला वाटतं तसं सरळ नाहीये. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला "हां, आता दुप्पट झाला" असं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक स्पीकर घ्या, त्याला एक वॅट दिला तर एक मीटरवर ९८ डेसिबल मिळतात. त्याच हिशोबाने ५ वॅटला १०५, १५ वॅटला ११० च्या आसपास, २२ ला १११, आणि ८५ वॅटला ११७. म्हणजे ज्याला आपण "बेडरूम अँप" म्हणतो ते ५ वॅटचं अँप आणि फेंडरचं ८५ वॅटचं अजस्र ट्विन रिव्हर्ब यांच्यात फरक किती, तर १२ डेसिबल. आणि आपल्याकडे रहिवासी भागासाठी कायद्यातली मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल. भिंती, खिडक्या, अंतर सगळं धरलं तरी ५ वॅटचं अँप पूर्ण उघडल्यावर सोसायटीत ते छोटं राहत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येणारच.

मग बघायचं काय? तर अँप कुठे फुटायला लागतं, म्हणजे आवाज कुठे करकरायला लागतो ते. ट्यूब अँपचा सगळा आनंद त्या एका जागेत असतो. व्हॉल्यूम वाढवत जा, आधी स्वच्छ घंटेसारखा आवाज, मग हळूहळू कडा गोल व्हायला लागतात, आणि मग अशी एक जागा येते की हलकं छेडलं तर क्लीन आणि जोरात मारलं तर करकरीत, आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की परत सगळं साफ. बोटांनीच सगळं ठरतं, पेडलवर पाय द्यायची गरजच पडत नाही. ही जागा प्रत्येक अँपला असते, प्रश्न एवढाच की ती आली तेव्हा खोलीत आवाज किती आहे, आणि स्टेजवर ड्रमर वाजवत असताना ती ऐकू येतेय का. घरी आणि गिगला एकच अँप शोधणं म्हणजे दोन्हीकडे त्या जागेच्या जवळ राहता येईल असं अँप शोधणं, बाकी सगळं नंतर.

फेंडरपासून सुरू करते कारण बहुतेकांच्या डोक्यात तोच आवाज असतो. सगळ्यात साधं म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं ट्वीड चॅम्प, ५एफ१ सर्किट. तीन ट्यूब: एक १२एएक्स७ प्रीअँपला (गिटारचा बारीक सिग्नल वाढवायला), एक ६व्ही६ पॉवरला (स्पीकर हलवायला), एक ५वाय३ रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारी), ८ इंची स्पीकर, आणि नॉब फक्त एक, व्हॉल्यूम. टोन नाही, रिव्हर्ब (घुमारा) नाही. पाचेक वॅट. मला हे अँप रेकॉर्डिंगसाठी अतिशय आवडतं, माइक लावला की हे भलंमोठं ऐकू येतं, पण बँडमध्ये ड्रमसोबत त्याचं काही चालत नाही आणि घरी पूर्ण उघडायचं तर वर सांगितलेलं गणित आहेच. नव्याने शिकणाऱ्याला मी हे घे असं सांगणार नाही.

खरी मजा प्रिन्स्टन रिव्हर्ब आणि डिलक्स रिव्हर्ब या दोघांत आहे. डिलक्स रिव्हर्ब १९६३ चं, प्रिन्स्टन रिव्हर्ब त्याच्या पुढच्या वर्षीचं, दोन्हीत दोन-दोन ६व्ही६, दोन्हीत स्प्रिंग रिव्हर्ब, दोन्हीत ट्रेमोलो, म्हणजे आवाज तालात कमी-जास्त करणारा इफेक्ट (ज्याला लिओ फेंडर व्हायब्रेटो म्हणायचे), दोन्हीत ट्रेबल आणि बास एवढेच टोनचे नॉब, मिडचा नॉबच नाही. कागदावर भाऊ-भाऊ वाटतात, पण एक १२ वॅटच्या आसपासचं आणि दुसरं २२ चं. प्रिन्स्टनचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (पॉवर ट्यूबची ताकद स्पीकरला पोचवणारा) लहान, स्पीकर १० इंची, आणि फेज इन्व्हर्टरचं (सिग्नल दोन पॉवर ट्यूबमध्ये वाटून देणारं) सर्किट पण साधं, त्यामुळे ते लवकर फुटतं, आणि फुटताना बास जरा ढिला होतो. माझ्या स्ट्रॅटवर (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) व्हॉल्यूम चारच्या आसपास सुरुवात होते, गिटारला हंबकर, म्हणजे जास्त जोरदार पिकअप असेल तर त्याआधीच. तेव्हा खालची ई तार जोरात मारून ऐका, मार लागतो त्या क्षणी आवाज थोडा आत बसतो आणि मग फुगून वर येतो, कारण रेक्टिफायर ट्यूब एकदम एवढा करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि परत सावरतं. याला सॅग म्हणतात. यूट्यूबवर ऐकून सॅग कळत नाही, तो बोटांना कळतो, स्वर जणू आपल्या हाताखाली श्वास घेतो.

डिलक्स रिव्हर्ब त्या मानाने ताठ उभं राहतं. १२ इंची स्पीकर, फेज इन्व्हर्टर जास्त ताकदीचा, चार-साडेचारपर्यंत सुंदर क्लीन आणि मग कडा यायला लागतात, सहाच्या पुढे पूर्ण फुटतं. ड्रमरसोबत, माइक न लावता, छोट्या कॅफेत किंवा क्लबमध्ये वाजवायचं असेल तर मला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही माहीत नाही. पेडल पण याच्यावर फार छान बसतात, ट्यूबस्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा आणि बघा, जो मिड अँपमध्ये कमी आहे नेमका तोच पेडल भरून काढतं. पण घरी? घरी हे दोन-अडीचवर अडकून पडतं आणि तिथे ते सुरेख क्लीन अँप असतं, बस. ती फुटायची जागा फ्लॅटमध्ये कधी गाठताच येत नाही.

ट्विन रिव्हर्बबद्दल एवढंच, चार ६एल६, दोन १२ इंची स्पीकर, वजन २९ किलोच्या आसपास. बॅकलाइन म्हणून स्टेजवर आधीच ठेवलेलं असेल तर आनंदाने वाजवा, त्याच्यासारखं क्लीन जगात नाही. विकत घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवू नका.

बजेट कमी असेल तर फेंडरचंच ब्लूज ज्युनिअर. यात ६व्ही६ नाहीत, दोन ईएल८४ आहेत, १५ वॅट, १२ इंची स्पीकर, वजन १४ किलोच्या आसपास, रिक्षात मांडीवर घेऊन जाता येतं. जुन्या फेंडरची हुबेहूब नक्कल नाहीये ती, रेक्टिफायर ट्यूबचा नाही, त्यामुळे तो सॅग नाही, आणि कॅबिनेट लहान असल्याने आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा वाटतो. पण मास्टर व्हॉल्यूम (शेवटी एकूण आवाज कमी करणारा वेगळा नॉब) आहे, मिडचा नॉब आहे, आणि आपल्याकडे सेकंडहँडमध्ये मिळतं. लेनीचं कब १२ आर पण याच वर्गातलं, त्याला एक वॅटपेक्षा कमीचं वेगळं इनपुट आहे, घरी तिथे जोडायचं, शोला दुसऱ्यात. फक्त घरासाठीच हवं असेल तर बुगेराचं व्ही५ बघा, ५ वॅट, १ वॅट आणि दशांश वॅट असा स्विच आहे, त्या किमतीत तो स्विचच सोन्यासारखा.

आता व्हॉक्स. एसी१५ आलं १९५८ च्या सुमारास, डिक डेनी यांनी इंग्लंडमध्ये बनवलेलं, आणि शॅडोज बँडला त्याहून जास्त आवाज हवा होता म्हणून पुढे एसी३० आलं, चार ईएल८४ चं. या घराण्याचा स्वभाव फेंडरपेक्षा मुळातच वेगळा आहे. यात निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन आवाज आवरणारी जोडणी) नसतो, पॉवर ट्यूब कॅथोड बायसवर (करंट आपोआप ठरवणाऱ्या साध्या जोडणीवर) चालतात, त्यामुळे "इथपर्यंत क्लीन आणि इथून फुटलं" अशी रेघच नाही, सुरुवातीपासूनच थोडं थोडं चमकत, करकरत वर चढतं. कॉर्ड मारली की वरचे हार्मोनिक्स असे पसरतात की वाटतं दुसरं कुणीतरी बारा तारांची गिटार सोबत वाजवतंय. टॉप बूस्ट चॅनल आणि तो कट नावाचा नॉब, जो वाढवला की ट्रेबल कमी होतो, हे नवीन माणसाला गोंधळात टाकतं, उलटं लक्षात ठेवा. दोन गिटार असलेल्या बँडमध्ये एक फेंडर आणि एक व्हॉक्स असेल तर दोन्ही गिटार वेगवेगळ्या ऐकू येतात, साउंडवाल्याला काही करावंच लागत नाही. बँडमधलं माझं सगळ्यात आवडतं अँप एसी१५ च आहे हे मोकळेपणाने सांगते. पण घरी नाही. आताच्या एसी१५सी१ ला मास्टर व्हॉल्यूम आहे, पण मास्टर खाली ठेवला की पॉवर ट्यूब कामालाच लागत नाहीत आणि आवाज पातळ, माशी भुणभुणल्यासारखा होतो. शिवाय २२ किलो.

मार्शलची गोष्ट तर मला फार आवडते. लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान, तिथे येणाऱ्या पोरांना फेंडरचं अँप हवं असायचं पण अमेरिकेहून आणायचं म्हणजे महाग, तर १९६२-६३ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना सोबत घेऊन त्यांनी फेंडर बासमनचं ५एफ६-ए सर्किट घेतलं आणि जेटीएम४५ बनवलं. सर्किट जवळपास तेच, पण ट्रान्सफॉर्मर वेगळे, पहिली ट्यूब जास्त गेनची, आणि मागून बंद चार बाय बाराच्या (चार १२ इंची स्पीकरच्या) कॅबिनेटमध्ये सेलेस्टियन स्पीकर. एवढ्याने आवाज किती बदलला बघा, स्पीकर आणि कॅबिनेट म्हणजे अर्धं अँप असतं ते यासाठीच म्हणतात. आज घरासाठी मार्शलचं ओरिजिन २० आहे, पॉवर खाली आणायचा स्विच असलेलं, आणि मार्शलच्याच जुन्या सुपर लीड अँपचा आवाज हवा असेल तर एसव्ही२०, जे २० आणि ५ वॅटवर चालतं. एसव्ही२० ला मास्टर व्हॉल्यूम नाही, चार इनपुट आहेत, दोन चॅनल छोट्या पॅच केबलने जोडून दोन्ही व्हॉल्यूम मिसळायचे, आणि ५ वॅटवर सुद्धा ते भिंती हलवतं. आवाज अस्सल आहे, पण अटेन्युएटरशिवाय फ्लॅटमध्ये घेऊ नका.

अटेन्युएटर म्हणजे अँप आणि स्पीकरच्या मधे बसणारी पेटी, अँपची ताकद उष्णतेत घालवते आणि स्पीकरला थोडीशीच देते. थोडं कमी करायचं असेल तर उत्तम, पण खूपच दाबलं की आवाज मेल्यासारखा होतो, आणि त्यात नेहमी पेटीचा दोष नसतो, कमी आवाजात आपल्याच कानांना बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात आणि स्पीकरचा पडदा पण हलत नाही. म्हणूनच घरी लावलेलं सेटिंग शोला तसंच्या तसं ठेवलं तर बास नुसता घुमतो, तिथे परत कानाने लावा. घरच्यासाठी आणखी एक, अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, खालच्या घरात जाणारा बास लगेच कमी होतो. आणि काहीही झालं तरी स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अँप चालू करून वाजवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो सगळ्यात महागडा भाग.

आता आपल्याकडच्या विजेबद्दल, कारण परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. न्यू जर्सीहून चुलत भाऊ येताना जे अँप आणतो ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं, आणि ते इथल्या प्लगात घातलं तर संपलंच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, अँपच्या मागे विजेच्या वापराचे जितके वॅट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा, आणि एक लक्षात घ्या, स्टेपडाउन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, म्हणजे फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला अँपचा ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. त्यात बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेपडाउनला आउटपुटला दोनच पिना, म्हणजे अर्थिंग तिथेच तुटलं. ट्यूब अँपच्या आत चारशेच्याही वर व्होल्ट असू शकतात, कपॅसिटरमध्ये ते प्लग काढल्यावर पण राहतात, तिथे अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ. माझं सरळ मत, २३० व्होल्टचं मॉडेलच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

शोला पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे मल्टिमीटर. एका गावच्या यात्रेतल्या शोला जनरेटरवर सगळं चाललं होतं, बोर्डात मीटर घातला तर २५८, तेवढ्यात कुणीतरी हॅलोजन बंद केले तर २६५ कडे गेला. अँप गाडीतून उतरवलंच नाही, त्या दिवशी पेडलबोर्डवरून डीआयने (जोडणीच्या छोट्या पेटीने) सरळ कन्सोलमध्ये, म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये दिलं आणि शो छान झाला. घरच्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पण ट्यूब अँप चालवू नका, नुसता घूं घूं आवाज येतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. दुसरं म्हणजे ओठाला बसणारा झटका. अँपचं अर्थिंग एकीकडे, माइकचं दुसरीकडे किंवा नाहीच, गिटारच्या तारा धरून गायला गेलं की माइकच्या जाळीवरून सणसणीत बसतो. अँपची वीज कन्सोलच्याच बोर्डावरून मागा, गायच्या आधी तारा आणि माइकची जाळी दोन्ही टेस्टरने बघा, आणि हम (घूं घूं आवाज) येतोय म्हणून कुणी अँपची तिसरी पिन काढायला सांगितली तर ठाम नाही म्हणा. साउंडवाले दादा रागावले तरी चालतील.

गिगचं वास्तव पण बदललंय. जिथे व्यवस्थित साउंड आहे तिथे अँपसमोर एसएम५७ माइक लावतातच, लोकांपर्यंत आवाज पीए (हॉलचे मोठे स्पीकर) नेतो, अँपने फक्त स्टेजवर आपल्यापुरतं आणि ड्रमरपुरतं ऐकू यायचं असतं. अशा ठिकाणी मोठं अँप उलट नुकसान करतं, साउंडवाला पहिल्या पाच मिनिटांत "मॅडम, स्टेजचा आवाज कमी करा" म्हणतो आणि मग डिलक्स असो की एसी१५, ते परत दोनवर येऊन बसतं. ऑर्केस्ट्राच्या शोमध्ये तर तीसेक गाण्यांत वीस वेगळे आवाज लागतात, सगळ्यांच्या कानात मॉनिटर, तिथे मल्टिइफेक्ट (एका पेटीत अनेक आवाज देणारं पेडल) न्यावा, ट्यूब अँपचा हट्ट तिथे धरू नये असं मी मनापासून सांगते. फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब काढलं, आत ट्यूब एकही नाही, वजन जवळपास निम्मं आणि मागे पॉवर कमी करायचा स्विच. प्रेक्षकांत उभं राहून मला फरक ओळखता येत नाही, वाजवताना मात्र हाताला येतो.

म्हणून माझं उत्तर प्रिन्स्टन रिव्हर्ब. घरी दुपारच्या वेळी व्हॉल्यूम तीनवर ठेवला तरी त्यात जीव असतो, कारण फुटायची जागा तिथून लांब नाही, थोडा अटेन्युएटर लावला की त्या जागेवर पण जाता येतं. शोला माइक असेल तर पाचवर ठेवा आणि विसरा. साडेपंधरा किलोच्या आसपास वजन, एका हातात अँप दुसऱ्या खांद्यावर गिटार, जिना चढता येतो. नवीन रीइश्यू (जुन्या मॉडेलची कंपनीनेच परत काढलेली आवृत्ती) आपल्याकडे लाखाच्या पुढे जातं हे खरंय, पण सांभाळलं तर वीस वर्षं कुठे जात नाही. ज्यांचा ड्रमर जोरात वाजवतो आणि जिथे माइक मिळत नाही त्यांनी डिलक्सच घ्यावं, तिथे प्रिन्स्टनचा बास तुटून पडतो. आणि ज्यांच्या बँडमध्ये आधीच फेंडर आहे आणि घरी वाजवायला दुसरं काही आहे त्यांनी डोळे मिटून एसी१५.

अँप कुठलंही घ्या, बॅगेत एक जास्तीची १२एएक्स७, पॉवर ट्यूबची एक जुळवलेली जोडी आणि दोन-तीन फ्यूज ठेवा. फ्यूज बघून घ्या, २३० व्होल्टच्या मॉडेलला १२० च्या मॉडेलपेक्षा साधारण निम्म्या अँपिअरचा लागतो, आकडा मागेच छापलेला असतो. ट्यूब आता स्लोव्हाकियाच्या जेजेच्या किंवा रशियातल्या साराटोव्हच्या कारखान्यातल्या मिळतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनायचे, त्यात ईएल८४ सुद्धा होत्या, तेव्हा ब्लूज ज्युनिअर किंवा एसी१५ वाल्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर जुन्या दुकानांत बीईएल छापलेले खोके आहेत का ते नक्की विचारा.